मी पाणी पिऊन येतो

निवृत्त झाल्यावर माणसं जे जे करतात ते मीही करून पाहिलं. सकाळी लिबर्टी गार्डनला फेऱ्या मारल्या, सोसायटीच्या कमिटीत तीन महिने खजिनदार झालो, हार्मोनियमचा क्लास लावला आणि शेजाऱ्यांच्या आग्रहावरून सोडला. शेवटी एका दुपारी पंख्याखाली पडल्यापडल्या ठरवलं, की आपण मुलांसाठी गोष्टी लिहायच्या. मोठ्यांसाठी लिहायचं तर वाचन लागतं, विचार लागतो, निदान एखादं दुःख तरी लागतं. मुलांचं काय, एक खार, एक ससा, थोडं जंगल आणि शेवटी शहाणपण. दोन तासांत उरकेल असा अंदाज होता.

उरकलंही. गोष्टीचं नाव 'प्रामाणिक खारूताई'.

आमची सोसायटी मालाड पश्चिमेला आहे. सात मजली, जुनी, रिडेव्हलपमेंटच्या रांगेत उभी. मे महिन्यात दुपारी मुलं खाली पार्किंगमध्ये जमतात, कारण गच्चीला कुलूप असतं आणि घरात आई झोपलेली असते. आमच्याकडे मुलांना नावापेक्षा मजल्यावरून ओळखायची पद्धत आहे. त्या दिवशी श्रोत्यांत सहावा मजला होता, तिसऱ्या मजल्यावरची मुलगी होती, पाचव्यावरचे गुजराती बहीणभाऊ होते आणि एक पाहुणा भाचा होता. मी स्कूटरवर बसून कागद काढला.

"एका घनदाट अरण्यात एक खारूताई राहत होती."

"खारला?" सहावा मजला म्हणाला.

पश्चिम रेल्वेवरच्या मुलांना खारीची गोष्ट सांगताना आधी काय काळजी घ्यावी, हे कुणी शिकवत नाही. खार म्हणजे इथे स्टेशन नव्हे, स्क्विरल, हे समजावून मी पुढे निघालो. खारूताईला एक सोन्याचा दाणा सापडतो. तो कुणाचा असेल या विचाराने ती बेचैन होते. तिच्या मनात येतं, की परक्याचं धन आपल्याला पचणार नाही, आणि इथे सहावा मजला उठला.

"आजोबा, मी पाणी पिऊन येतो."

त्याच्यामागोमाग बहीणभावांना तहान लागली. पाहुणा भाचा कुणाला न सांगताच गेला. गोष्ट संपली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची एकटी उरली होती, आणि तीही तिच्या चपलेचा पट्टा तुटला होता म्हणून.

मालाडला मे महिन्यात घामच इतका येतो की तहान लागणारच, असं मी घरी येऊन सांगितलं. बायको म्हणाली, "टीव्हीसमोर नाही लागत ती त्यांना."

मोठ्या माणसांना गोष्ट आवडली नाही तर ती 'छान आहे, जरा संपादन हवं' असं म्हणतात. मुलं पाणी पिऊन येतात. ही समीक्षा मला पहिल्यांदा उद्धट वाटली. मग लक्षात आलं की एवढी नेमकी समीक्षा आपल्या पूर्ण नोकरीत आपल्या एकाही रिपोर्टला मिळाली नव्हती. मी हस्तलिखिताच्या समासात खूण करायला लागलो. जिथे कुणी उठेल तिथे पेन्सिलीने 'पा'. पुढच्या चार-पाच गोष्टींची पानं मी अजून जपून ठेवली आहेत. सगळे 'पा' जवळपास एकाच प्रकारच्या वाक्यापाशी आहेत. जिथे खार, कासव किंवा रिक्षावाला बोलायचा थांबून मी बोलायला लागतो, तिथे.

याच सुमारास मी एका कार्यशाळेला गेलो. बालसाहित्य कसं लिहावं, एक दिवस, चहा-नाश्त्यासह. मार्गदर्शक सज्जन होते. त्यांनी सांगितलं, की नवशिक्या वाचकांसाठी लिहिताना जोडाक्षरं टाळा. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी जोडाक्षरविरहित पुस्तकं असतात हे खरंच आहे, आणि त्यामागचं कारणही बरोबर आहे. पोर अक्षर लावत लावत वाचत असतं, त्याच्या वाटेत खांब कशाला रोवायचे? आम्हांला एक तास दिला आणि जोडाक्षर नसलेली गोष्ट लिहायला बसवलं.

तुम्हीही बसून पाहा. 'गोष्ट' हाच शब्द पहिल्यांदा गेला. मग 'म्हणाला' गेला. ज्या गोष्टीत कुणी काही म्हणू शकत नाही ती पुढे कशी सरकवायची? 'बोलला' वापरलं. 'त्याने' गेलं, 'तुझ्या' गेलं, 'मित्र' गेला. राक्षस गेला, कोल्हा गेला, म्हातारी गेली. भोपळा राहिला, पण आत बसायला कुणी नाही. सुट्टी गेली तेव्हा वाईट वाटलं, पण पाठोपाठ परीक्षाही गेली म्हणून हिशेब जुळला. मी हुशारीने मालाडची गोष्ट घेतली होती, कारण मालाडमध्ये एकही जोडाक्षर नाही. विरारहून निघालेली गोष्ट राम मंदिर स्टेशनापर्यंत सुखरूप येते, जोगेश्वरीला पहिल्यांदा अडते. सांताक्रूझचं आणि वांद्र्याचं तर विचारूच नका.

पण खरी गंमत पुढे झाली. माझी खारूताई प्रामाणिक होती, ती पहिल्याच अक्षराला बाद झाली. तिला सत्यवचनी करावं म्हटलं, तर तेही नाही. कष्टाळू, नाही. नम्र, नाही. शिस्त, कर्तव्य, धैर्य, एकामागून एक सगळ्यांवर काट मारत गेलो. वहीच्या उजव्या बाजूला चालणाऱ्या शब्दांची यादी होती, आणि तिच्यात होतं: भूक, झोप, खोडी, लबाडी, मारामारी, पळापळ, चिखल, खाऊ. मराठीतले बहुतेक सद्गुण जोडाक्षरी आहेत. खुद्द सद्गुणही. दया आणि माया तेवढ्या बिचाऱ्या साध्या अक्षरांत राहतात. मी तास संपेपर्यंत एका लबाड, भुकेल्या खारीची पळापळ लिहिली. मार्गदर्शकांनी ती वाचून चष्मा काढला आणि विचारलं, "यातून मुलांनी काय घ्यायचं?" मला उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी पार्किंगमध्ये वाचली. 'पा' शून्य.

आता यावरून बोध वाईट असं कुणी समजू नये. आपल्याकडे बोध करायचा तर साने गुरुजींच्या नावाशिवाय बोलता येत नाही, आणि मीही आयुष्यभर त्यांच्याकडेच बोट दाखवत आलो. म्हणून 'श्यामची आई' पुन्हा काढून बसलो, या वेळी शिकाऊ उमेदवार म्हणून. गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या चार-पाच दिवसांत लिहिलं. हे वाचून मला थोडा धीर आला, कारण मीही भरभर लिहितो. मग आठवलं की त्याआधी अमळनेरच्या शाळेत ते शिक्षक होते, वसतिगृहातल्या मुलांत राहत होते, त्यांच्यासाठी हाताने लिहून रोजचा अंक काढत होते. त्या चार-पाच दिवसांच्या मागे इतक्या संध्याकाळी उभ्या होत्या. पुस्तकातल्या प्रकरणांना त्यांनी प्रकरण न म्हणता 'रात्र' म्हटलं आहे, ते उगीच नाही. समोर कुणीतरी बसलेलं असल्याशिवाय रात्र मोजता येत नाही.

आणि श्याम काही आदर्श मुलगा नाही. तो पोहायला घाबरतो, लपून बसतो, आई त्याला मारत विहिरीवर धाडते. मी हा प्रसंग पार्किंगमध्ये आपल्या शब्दांत सांगितला. पाचव्या मजल्यावरच्या बहिणीने विचारलं, "त्याने वन झीरो नाइन एटला फोन नाही केला?" चाइल्डलाइनचा नंबर शाळेत पाठ करून घेतात. तेव्हा फोन नव्हता म्हटल्यावर सगळे गप्प झाले. भीती आणि मार दोन्ही त्यांना ओळखीचं होतं. पुढच्या शनिवारी मी त्यांना अळणी भाजीची गोष्ट सांगितली. आई भाजीत मीठ घालायला विसरते, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून वडील काही न बोलता जेवतात. माझ्या खारूताईने अर्धं पान जे समजावलं होतं, ते इथे मीठ नसलेल्या भाजीत भागलं होतं. सहावा मजला फक्त म्हणाला, "माझे पप्पा ओरडले असते." आणि बसून राहिला.

लहानपणी मी 'चांदोबा' वाचायचो. 'किशोर' सुरू झालं १९७१ साली, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, ते शाळेत यायचं. पण या धंद्यातलं मर्म 'चांदोबा'तल्या वेताळाने सांगून ठेवलं आहे हे साठी उलटल्यावर कळलं. विक्रम प्रेत खांद्यावर घेऊन चालत असतो. त्याने तोंड उघडलं, की वेताळ परत झाडावर. इतक्या वर्षांत मला वाटायचं की ही शिक्षा राजाला आहे. ती लेखकाला आहे. पान अन् पान मी गोष्ट खांद्यावरून नीट आणायचो आणि स्मशान दोन पावलांवर आलं की म्हणायचो, "तर मुलांनो..."

दुसरी खोड मोडायला भा. रा. भागवतांची मदत झाली. त्यांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा आहे. 'एका गावातला' नाही, फुरसुंगीचा. पुण्याच्या नकाशावर बोट ठेवता येतं. तो हडकुळा आहे, सायकल दामटतो आणि चकित झाला की जिभेने आवाज काढतो. तेवढ्यावर तीन पिढ्यांना तो शेजारी राहतोय असं वाटलं, आणि २०१७ साली त्याच्यावर सिनेमा आला तेव्हा माझ्या वयाचे लोक नातवंडांना घेऊन गेले, स्वतःला बघायचा होता म्हणून. माधुरी पुरंदरे यांच्या यशच्या किंवा राधाच्या गोष्टींत तर घरच असतं, आपल्यासारखं, आणि चित्रंही त्यांनीच काढलेली. हे सगळे लोक पत्ता देतात. मी मात्र तीस वर्षं मालाडला राहून 'घनदाट अरण्य' लिहीत होतो. स्टेशनच्या पलीकडे, पूर्वेला, अप्पापाड्याच्या मागे खरंखुरं राष्ट्रीय उद्यान आहे. त्यात खराखुरा बिबट्या आहे. (जोडाक्षर. पण बिबट्याला कोण सांगणार?)

तेव्हा अरण्य सोडलं आणि मालाडवर आलो. दर पावसाळ्यात भरणाऱ्या सबवेत अडकलेल्या खेकड्याची गोष्ट लिहिली, ती बरी चालली. मनोरीच्या फेरीबोटीवर तिकीट न काढता जाणाऱ्या मांजराची लिहिली, ती तितकी नाही. मग तिसऱ्या मजल्यावरची शाळेचा प्रकल्प घेऊन आली, 'माझा परिसर'. मालाडमध्ये फेमस काय आहे? पाचवा मजला म्हणाला, इनऑर्बिट मॉल. सहावा म्हणाला, एम. एम. मिठाईवाला. मी म्हटलं, दगड.

मालाडचा दगड एके काळी खरोखर नावाजलेला होता. पिवळसर, बदामी रंगाचा ज्वालामुखीचा खडक, ट्रॅकाइट म्हणतात त्याला. इथल्या खाणींतून तो निघायचा आणि मुंबईत जायचा. काळा घोड्यापाशी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, त्याच्या भिंतींत तो आहे. आणि त्याच्याशेजारी, त्याच भिंतींत, कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट आहे.

"म्हणजे वेस्टर्न आणि सेंट्रल एकाच भिंतीत?" सहावा मजला उभाच राहिला. पाण्यासाठी नाही.

गोष्ट तिथेच सुरू झाली, आणि ती मी सुरू केली नाही. मुंबईच्या उपनगरातल्या मुलाला पश्चिम आणि मध्य रेल्वेमधलं वैर समजावून सांगावं लागत नाही. मालाडचा दगड स्वतःला गोरा समजणार, कुर्ल्याचा त्याला 'पिवळ्या' म्हणणार, आणि दोघांना शंभर वर्षं चिकटून राहायचं आहे, मध्ये फक्त चुना. मी आनंदाने घरी जाऊन लिहायला बसलो. १९०५ साली प्रिन्स ऑफ वेल्सने पायाभरणी केली, दगडाने राजपुत्र पाहिला. १९१४ साली इमारत उभी राहिली. दगडाला वाटलं आता आपल्यात मूर्ती, तलवारी, चित्रं येणार. पण महायुद्ध सुरू झालं आणि त्या नव्याकोऱ्या इमारतीत लष्करी इस्पितळ आलं. म्युझियम म्हणून ती उघडली १९२२ साली. एवढं वळण मला सात जन्मांत सुचलं नसतं. ते आयतं मिळालं.

पहिला खर्डा वाचला. दुसऱ्याच वाक्याला तिसऱ्या मजल्यावरचीने हात वर केला. "दगडाला डोळे नसतात. मग त्याला प्रिन्स कसा दिसला?"

"गोष्ट आहे ग."

"पण मग कुर्ल्यावाल्याला माहीत होतं ना तो पिवळा आहे? कसं?"

मी गप्प. मुलांना दगड बोलतो हे चालतं. तो बोलताना दगडच राहिला पाहिजे, ही त्यांची अट. मोठ्यांच्या कादंबऱ्यांत मी याहून भयंकर गोष्टी खपवून घेतल्या आहेत. पार्किंगमध्ये बैठक बसली. डोळे नाहीत, सर्वानुमते. नाक नाही, त्यामुळे माझं औषधांच्या वासाचं वाक्य गेलं, आणि मला ते फार आवडत होतं. त्वचा आहे, कारण ऊन लागतं. कानांवर मात्र वाद झाला. पाचव्या मजल्यावरचा भाऊ एकदम म्हणाला, "भिंतीला कान असतात! आमच्या टीचर नेहमी बोलतात." टाळ्या. ठराव मंजूर.

म्हणून सगळी गोष्ट पुन्हा लिहिली, फक्त ऐकू येणारी आणि ऊबगारठा कळणारी. राजपुत्र गेला, राहिला बँडचा आवाज. रंगावरून भांडण गेलं; आता मालाडचा कुर्ल्याला म्हणतो, "तू उन्हात लवकर तापतोस." सगळ्यात अडचण इस्पितळाची झाली. पहिल्या खर्ड्यात मी तिथे लिहिलं होतं की युद्धात दोन्हीकडची माणसं मरतात आणि युद्ध फार वाईट असतं. समासात दोन 'पा'. डोळे काढून घेतल्यावर जखमा दिसेनात, मग काय लिहू? तीन दिवस अडून बसलो. शेवटी लिहिलं की रात्री सगळे आवाज थांबले की कुणीतरी एक शब्द परत परत म्हणायचं. दगडाला ती भाषा कळत नव्हती. कुर्ल्याच्यालाही नव्हती. पण दोघांनी त्या रात्री भांडण केलं नाही.

हे वाक्य ठेवू की नको, मुलांना कळेल की नाही, हे मला ठरवता येईना. कार्यशाळेत सांगितलं होतं, की मुलांना कळेल असंच लिहा. पण तिसऱ्या मजल्यावरचीला ट्रायसेरॅटॉप्स हे नाव तोंडपाठ आहे, जोडाक्षरांसकट, आणि तो तिने पाहिलेला नाही. मी ठेवलं.

दिवाळीच्या सुट्टीत वाचन ठेवलं. बिल्डरची माणसं मोजमाप घ्यायला आली होती, ती टेप ओढत आजूबाजूला फिरत होती. मी स्कूटरवर बसलो, पेन्सिल कानावर. पायाभरणी झाली, बँड झाला, भांडण झालं. टेप धरलेला एक माणूस थांबून ऐकायला लागला, त्याच्या साहेबाने त्याला हाक मारली. इस्पितळ आलं. रात्र झाली. दगडाने तो शब्द पहिल्यांदा ऐकला आणि नेमका सहावा मजला उठला.

मी पेन्सिल काढली.

"आजोबा, मी पाणी पिऊन येतो," तो म्हणाला. दोन पावलं गेला आणि वळला. "मी येईपर्यंत पुढे नका ना वाचू."

मी कागद मांडीवर उलटा ठेवला. बाकीची तिघंही काही बोलली नाहीत. त्याला यायला आठ मिनिटं लागली. लिफ्ट बंद होती.